सायकलीचें सोवळें

हातानें घडविलेल्या सायकलीला नवा गिअर बसविला, चामडी बैठक बदलली किंवा रंग पुन्हा दिला, कीं ती सायकल ‘ती’ राहिलीच नाहीं, असा निवाडा जुन्या सायकलींचे कांहीं संग्राहक मोठ्या अधिकारवाणीनें देत असतात. या निवाड्यांत वस्तूविषयीं प्रेम असेल. विचार मात्र नाहीं. वस्तु अस्पर्शित असणें आणि वस्तु तीच असणें या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांची गल्लत हेंच या सोवळेपणाचें मूळ आहे.

लंडनच्या हेचिन्स सायकलींचेंच उदाहरण घेऊं. १९३० नंतरच्या दशकांत या पेढीनें मागचे दांडे नागमोडी वळविले आणि सांध्यांवरच्या पोलादी आवरणांना कानशीनें वेलबुट्टीचा आकार दिला. पण त्यांपैकीं पुष्कळ सायकलींच्या नळ्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कारखान्याच्या. बैठका, गिअर, ब्रेक हेहि इतरांनीं केलेले. मग कारागिराचें स्वतःचें काय? मोजमाप, कोन आणि सांधे; म्हणजेच सांगाडा.

प्लूटार्कनें सांगितलेल्या थीसियसच्या जहाजाचा दाखला येथें हटकून पुढें येतो. एकेक फळी बदलीत गेल्यावर जहाज तेंच कीं दुसरें? १६५५ सालीं हॉब्सनें त्यांत भर घातली: काढलेल्या फळ्या जमवून कोणीं दुसरें जहाज उभारलें, तर खरें कोणतें? जहाजाचें कोडें अवघड, कारण तेथें फळीफळींत भेद करितां येत नाहीं. सायकलीचें तसें नाहीं. हेचिन्सचे सगळे सुटे भाग एखाद्या परक्या सांगाड्यावर चढवा. त्या सायकलीला हेचिन्स म्हणण्यास संग्राहकहि धजणार नाहीं. मग तेच भाग गेल्यानें मूळ सायकलीची ओळख गेली, हें कोणत्या न्यायानें?

सांगाड्यालाच हात लावला तर, असें कोणी विचारील. मागें पांच दांतेरी चक्रें असत तेव्हां दांड्यांतील अंतर १२० मिलिमीटर ठेवीत; पुढें आठ चक्रांसाठीं १३० लागूं लागलें. जाणता कारागीर पोलादी दांडे न तापवितां तेवढे फांकवितो. शिंप्यानें अंगरखा थोडा सैल केला, म्हणून तो दुसरा होत नाहीं. परंतु नक्षीदार सांधे घासून सपाट केले, नागमोडी दांडे कापून सरळ बसविले, तर घडविणाराचा हातच पुसला गेला. तेथें ओळख गेली, हें आम्हींहि मान्य करूं.

एखादी दुर्मिळ सायकल जुन्या कारागिरीचा एकमेव पुरावा असेल, तर तिला कोणीं हात लावूं नये. पण तें पुराव्याचें रक्षण झालें. तसेंच बदललेली सायकल अस्पर्शित म्हणून विकणें ही लबाडी होय. काढलेले भाग जपावे आणि केलेले बदल उघड सांगावे. याहून अधिक सोवळें आम्हांस मान्य नाहीं.

अशी सायकल पुष्कळदां एका विशिष्ट माणसाच्या हातापायांच्या मापानें, रस्त्यावर धांवण्यासाठीं घडविली जाते. तो माणूस गेला, रस्ते बदलले, नवा स्वार आला. त्यानें हॅंडल उंच करून तिच्यावरून रोज दहा मैल जावें, कीं मूळचे टायर कुजत ठेवून तिला भिंतीवर टांगावें? कारागिरानें ती कशासाठीं केली, हें ज्याला ठाऊक आहे, त्याला याचें उत्तर शोधावें लागणार नाहीं.