जाहिरात असेल तर जाहिरात म्हणा

परवा भाचा आला होता. निवडणुकीच्या बातम्यांचा विषय निघाला तसा म्हणाला, "मामा, सगळे पेपर विकले गेलेत. तुम्ही उगाच वाचत बसता." मला हे पटत नाही. पण हसण्यावारीही नेता येईना.

उत्तरपत्रिका तपासताना शेजारच्या दोन मुलांचे उत्तर शब्दशः सारखे निघाले, की कुणाला विचारायची गरज नसे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत असेच झाले. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचे गुणगान करणारा एकच लेख तीन प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत जसाच्या तसा आला. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते दाखवून दिले. चव्हाणांनी वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा खर्च दाखवला होता 5,379 रुपये! निवडणूक आयोगाने 2014 च्या जुलैत नोटीस काढली, सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे आरोप शेवटपर्यंत टिकला नाही, हेही सांगायला हवे. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र बातमीच्या वेषातल्या जाहिरातींचा खर्च लपवल्याबद्दल 2011 मध्ये आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले.

माझा खरा राग वेगळाच आहे. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या समितीने 2010 मध्ये वर्तमानपत्रांची नावे घेऊन अहवाल लिहिला. कौन्सिलने तो बाजूला ठेवून छोटा अहवाल काढला. मूळ अहवाल बाहेर आला तो 2011 मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. ज्यांनी मुलांचे कान धरायचे, त्यांनीच कॉपी झाकली!

पक्षपाताचे मला वावडे नाही. टिळकांचा 'केसरी' आणि आगरकरांचा 'सुधारक' आपापल्या बाजूने भांडत, आणि वाचकाला ते ठाऊक असे. उघड बाजू घेणाऱ्याशी वाद घालता येतो. बातमी म्हणून जाहिरात गळी उतरवणाऱ्याशी कसा घालणार?

2009 साली माझ्या आईला दिसत नव्हते. रोज सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवायचो. त्यावरून ती मत ठरवायची आणि हट्टाने रिक्षा करून मतदानाला जायची. त्यातल्या बातम्या किती आणि पैसे देऊन छापलेले किती, हे मला आजही सांगता येत नाही. मी मात्र सगळे सारख्याच विश्वासाने वाचले. ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

म्हणून भाच्याला सांगितले, "सगळेच विकले गेले" म्हणणे हाही आळसच. दोन पेपर शेजारी ठेवून वाच, मजकूर जुळतो का बघ. आणि असा छुपा प्रचार हा निवडणुकीतला गुन्हा ठरवा, ही विधी आयोगाची 2015 ची शिफारस अमलात आणा, असे मत मागायला येणाऱ्याला तोंडावर सांग.

तो म्हणाला, "बघतो मामा." जाताना टीपॉयवरचा पेपर मात्र घेऊन गेला. माझे कोडे सोडवायचे राहिले होते!