परवाना पाहणार कोण?

परदेशी पर्यटकांना भाड्याने स्कूटर देऊ नये, असा प्रस्ताव बाली बेटाचे गव्हर्नर वायन कोस्टर यांनी मार्च २०२३ मध्ये मांडला होता. हेल्मेटविना, परवान्याविना, क्वचित सदऱ्याविनाही भरधाव फिरणारे पाहुणे ही त्यांची तक्रार. ती रास्तच होती. परंतु उबुडच्या भातखाचरांतील अरुंद रस्त्यांवर त्याऐवजी मोटारींची रांग लावून कोणाचे भले होणार? दारात दोन स्कूटरी ठेवून संसार चालविणाऱ्याची मिळकत बुडेल, ती वेगळीच. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीची नोंद पाहिल्याखेरीज किल्ली देऊ नये. दिल्यास देणाऱ्यासही दंड व्हावा. परवाना नसताना हाड मोडले, तर विमा कंपनी बहुधा हात वर करते आणि इस्पितळाचे बिल पाहुण्याच्याच गळ्यात पडते, हेही त्याला तेव्हाच सांगावयास हवे.