दर्या कोणाचा, पिले कोणाची?

अर्थशास्त्र, जीवशास्त्र आणि समाजशास्त्र ही विद्यापीठात तीन स्वतंत्र दालनांत नांदणारी शास्त्रे आहेत. वसईच्या पाचूबंदरावर किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मात्र ती एकाच टोपलीत उतरतात. त्या टोपलीतला सरंगा तळहाताएवढाही का नाही, या प्रश्नाचे उत्तर तिन्ही शास्त्रांना मिळूनच द्यावे लागते.

प्रथम अर्थशास्त्र. वसईकडचा कोळी समुद्रात खुंट ठोकून, म्हणजे कव मारून, डोल जाळे लावतो. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी आत लोटतो आणि शेवटाकडे बारीक होत जाणाऱ्या आसांतून पिलेही सुटत नाहीत. एखाद्याने सद्बुद्धीने मोठ्या आसाचे जाळे लावले, तर आजचे नुकसान सर्वस्वी त्याचे. सोडलेले पिलू वाढून उद्या शेजाऱ्याच्या किंवा एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्यात जायचे. उलट, पिलू पकडण्याचा लाभ एकट्याचा आणि तोटा साऱ्या किनाऱ्यात वाटलेला. आपल्या व्यवहाराचा जो खर्च दुसऱ्याच्या माथी पडतो, त्यास अर्थशास्त्रज्ञ ‘बाह्य खर्च’ म्हणतात. म्हणजे येथे माणसे दुष्ट नाहीत. हिशेबाची मांडणीच दुष्ट आहे.

आता जीवशास्त्र. 1859 मध्ये डार्विनने मांडलेल्या नैसर्गिक निवडीच्या तत्त्वास तीनच गोष्टी लागतात : जीवाजीवांत फरक असावा, तो वारशाने उतरावा आणि काहींची संतती इतरांहून अधिक उरावी. शेतकरी उत्तम कणीस बियाण्यासाठी राखतो. जाळे नेमके उलट करते. मोठे होईपर्यंत थांबणारा मासा अंडी घालण्याआधीच मारला जातो, तर लहानपणीच अंडी घालणाऱ्याचा वंश उरतो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील कॉड मासा कमी वयात व कमी आकारात प्रौढ होऊ लागल्याचे आढळले. तो साठा कोसळला आणि 1992 मध्ये तेथील मासेमारी बंद करावी लागली. हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. निवडीचा हा नियम सरंग्यालाही चुकत नाही.

उपाय कोणता? गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये सामायिक कुरणाच्या शोकांतिकेचा सिद्धान्त मांडला. त्यावरून एकतर सरकारी हुकूम नाहीतर खासगी मालकी, असे दोनच मार्ग सांगितले जाऊ लागले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात तिसरा दाखवला. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमार मासेमारीच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटून घेतात आणि रोज एकेक जागा पुढे सरकतात. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते, म्हणून पहारा वेगळा ठेवावा लागत नाही. नियम पाळणाऱ्यांनीच तो केलेला असतो.

या कसोटीवर आपल्याकडील स्थिती तपासावी. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा आहे. 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी आहे. 2023 मध्ये सरंग्यास राज्यमाशाचा मान मिळाला आणि 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकारही ठरला. हे सारे योग्यच. परंतु बंदरात टोपली तपासून मेलेले पिलू समुद्रात परत जात नाही. खरा प्रश्न आसाचा आहे. शिवाय दंडाचा बडगा प्रथम पोहोचतो तो छोट्या होडीपर्यंत, खोल समुद्रातल्या बड्या भांडवलापर्यंत नव्हे. इकडे कवींच्या हद्दीवरून वसई-उत्तनचा कोळी आणि सातपाटी-डहाणूचा कोळी वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडत आहेत. दोघांच्या भांडणात दर्या मात्र रिता होतो आहे.

म्हणून कवींची वाटणी, आसाचे माप आणि बंदीच्या काळातील निर्वाहभत्ता या तिन्ही गोष्टी दोन्ही बाजूंच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी एकत्र बसून ठरवाव्यात. शासनाने त्या निर्णयास कायद्याचे बळ द्यावे आणि तो ट्रॉलर व पर्ससीन मालकांनाही तितकाच लागू करावा. ज्याला पिलू सोडायला सांगायचे, त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटेल याची हमी समाजाने घेतली पाहिजे. नुसत्या उपदेशाने आस मोठा होत नसतो.