धुरात काय मिसळलंय?

ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीत महापालिकेच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली. पोहायला आलेल्यांचा श्वास कोंडला, काहींना रुग्णालयात हलवावं लागलं. वायू कोणता, हे त्याच दिवशी सगळ्यांना कळलं.

त्याच कासारवाडीत शिफ्ट सुटली की टपरीभोवती धूर उठतो. त्यात काय मिसळलंय, हे ओढणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि विकणाऱ्यालाही. कंपनीत रसायनाच्या ड्रमवरचं लेबल वाचल्याशिवाय झाकणाला हात न लावणारा कामगार सिगारेटचं पाकीट मात्र तसंच फोडतो. इशारा आणि चित्र त्यावर आहे. घटकांची यादी नाही. 31 मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. त्या दिवशी तरी या यादीबद्दल बोललंच पाहिजे.

अमेरिकेतल्या बड्या सिगारेट कंपन्यांची घटकांची यादी 1994 मध्ये उघड झाली, तेव्हा तीत 599 पदार्थ निघाले. साखर, कोको, ज्येष्ठमध, ग्लिसरीन, मेंथॉल, अमोनियाची संयुगं. यातली बरीचशी खाण्यात चालतात. पण इथे ती जाळली जातात! साखर जळून ॲसिटाल्डिहाइड होतं, ग्लिसरीनपासून ॲक्रोलिन. अमोनियामुळे निकोटिन अधिक सुटं होतं. मेंथॉल घसा गार करतं आणि ठसका दाबतं. पहिल्या झुरक्याला लागणारा ठसका म्हणजे शरीराने केलेली मनाई. कोवळ्या पोराच्या घशातली ती मनाईच पुसून टाकायची, हा सगळ्यात संतापजनक भाग. फिल्टरमधली मेंथॉलची कॅप्सूल बोटांनी दाबून फोडायची, की काम झालं.

हे पदार्थ काढले म्हणजे सिगारेट निर्धोक झाली, असं मात्र कुणी समजू नये. नुसतं तंबाखूचं पान जाळलं तरी त्या धुरात कर्करोगकारक द्रव्यं असतातच. मिसळलेल्या पदार्थांमुळे ती फुफ्फुसात उतरवणं सोपं जातं.

महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटखाबंदी केली, तेव्हा नमुन्यांत सापडलेल्या मॅग्नेशियम कार्बोनेटची चर्चा राज्यभर झाली. पुडीत काय घातलंय, हे विचारायला तेव्हा सरकार कचरलं नाही. सिगारेटच्या बाबतीत तीच धमक का दिसू नये? केंद्राच्या 2003 च्या कायद्यात निकोटिन आणि टारचं प्रमाण छापण्याची तरतूद आहे, बाकीच्या घटकांचा उल्लेख नाही. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारताने 2004 मध्ये मोहोर उठवली. घटकांची माहिती सरकारला आणि जनतेला द्यावी, असं त्या करारात लिहिलेलं आहे. ती यादी मराठीत, टपरीवरच्या माणसाला वाचता येईल अशी जाहीर करा. आणि मेंथॉलच्या कॅप्सूलवर आधी बंदी घाला. युरोपीय संघाने 20 मे 2020 पासून मेंथॉलच्या सिगारेटींची विक्री थांबवली आहे.