कोपी चालते, तंबू चालत नाही



कोकणातून बोरीला परत आले त्याच दिवशी एका जुन्या कार्यकर्ती मैत्रिणीने मला विचारले, "बाया घागरभर पाण्यासाठी उन्हातान्हात चालायल्यात, आन् तुम्ही समुद्राकाठी सायकली फिरवायल्या. हे कोणतं स्त्रीमुक्तीचं काम?" प्रश्न टोचला. तेव्हा गप्प राहिले. उत्तर इथे देते.

आम्ही चौघी होतो. एक अंगणवाडी सेविका, एक शिवणकाम करणारी, एक शिक्षिका आणि मी. गेल्या डिसेंबरात सायकली ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून चिपळूणला उतरलो आणि गुहागर गाठले. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगड आणि पुढे गणपतीपुळ्याकडे, असा बेत. नकाशात हा रस्ता समुद्राला चिकटून जातो. प्रत्यक्षात प्रत्येक गाव खाली माडा-पोफळीत दडलेले आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उघडा सडा. म्हणजे चढा, उन्हात भाजा, उतरा, पुन्हा चढा. परभणीच्या सपाट रस्त्याला सरावलेले आमचे पाय हेदवीपर्यंतच बोलू लागले. जयगडच्या धक्क्यावरून वरचा चढ तर आम्ही सायकली ढकलतच काढला. गिअरची सायकल एकट्या शिक्षिकेची. शिवणकामवालीची सायकल तिच्या लेकीला शाळेत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली. बारावी झाली, लेकीचे लग्न झाले, सायकल दुधाच्या कॅनसाठी भावाकडे गेली. आईने ती भांडून परत घेतली.

शासनाने मुलीला सायकल दिली ती घर ते शाळा एवढ्यासाठीच. त्या बारा महिन्यांत ती पोर एकदा तरी तळ्याकाठी जाऊन बसली असेल का, हे कुणी विचारले नाही. आपणही नाही.

दिवस कलला तेव्हा एका गावात देवळाच्या पटांगणात तंबू लावू का, असे विचारले. "बरोबर पुरुषमाणूस कोण?" कुणी नाही. "मग आलात कशाला?" फिरायला. तेवढ्या एका शब्दाने सगळ्यांचे चेहरे बदलले. जागा नाही म्हणाले. त्यांत दोन बायकाही होत्या. पुढच्या वाडीत अंधार पडला होता. तिथे मी म्हणाले, "गणपतीपुळ्याला दर्शनाला चाललोय." लगेच अंगण मिळाले, मोरीत गरम पाणी मिळाले, वर भाकरी आणि कुळथाचे पिठले. इतकी वर्षे व्यासपीठांवरून बोलणारी मी, एका रात्रीच्या जागेसाठी भक्तीण झाले. त्या माऊलीचे उपकार आहेतच, पण ते खोटे अजून बोचते.

आता आपल्या मराठवाड्याकडे बघा. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला जोडपीच्या जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता. चार-सहा महिने बाई पाचटाच्या, प्लॅस्टिकच्या कोपीत, उघड्या माळावर झोपते. अंघोळीला आडोसा नाही, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचे. तिच्या उघड्यावर झोपण्याने कुणाची संस्कृती बुडाली नाही. बाई कामासाठी बाहेर झोपली तर चालते. आनंदासाठी एक रात्र झोपली की चारित्र्याचा पंचनामा.

आणि आपण तरी काय मागितले? बस मागितली, रेशन मागितले, दवाखाना मागितला. सगळे न्याय्यच. पण प्रत्येक वेळी बाईच्या बाहेर पडण्याला आपण कारण जोडून दिले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत पुदुक्कोट्टईला साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या, ते आपण शिबिरांतून सांगतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांबद्दल हेच मांडले, की बाईला कामाशिवाय, कारणाशिवाय रेंगाळता आले पाहिजे. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली सायकलने जगप्रदक्षिणा करून आली. तिचा फोटो आपण आठ मार्चला लावू. स्वतःच्या लेकीला मात्र जिंतूरपर्यंत एकटीला सोडणार नाही.

मैत्रिणीचे एक म्हणणे मला मान्य आहे. आमच्यात पाचवी येणार होती. शेतमजुरी करते. आठ दिवसांची मजुरी बुडवणे तिला परवडले नाही, म्हणून राहिली. अंगणवाडीवाली आली ती जावेने घर सांभाळले म्हणून. तेव्हा फिरणे ही आज सवड असलेलीची चैन आहे, हे खरे. पण मग आपण मजुरणीसाठी भरपगारी सुट्टी मागू या की! तिच्याकडे नाही म्हणून कुणीच मागू नये, हा कुठला हिशेब? दमलेल्या बाईला विसावा म्हणून झोप द्यायची, फार तर कीर्तन. समुद्र नाही.

बाकी, आमच्या शिवणकामवालीने सायकल अजून सोडलेली नाही. दर रविवारी सकाळी जिंतूरच्या रस्त्याने दोन तास जाऊन येते. घरी सांगते, दोरे आणायला चालले.