रसायनशास्त्र एकच, पेपर दोन

बारावी सायन्सचा मुलगा किंवा मुलगी ज्या घरात आहे, तिथे वर्षभर एक वाद चालतो. क्लासवाले सांगतात, ‘बोर्डाचं नंतर बघू, आधी नीट.’ कॉलेजातले सर म्हणतात, ‘आधी बोर्ड.’ निदान रसायनशास्त्रापुरता हा वाद मिटवता येतो. विषय दोन्हीकडे एकच आहे. बोर्ड तुमचे लिहिणे तपासते आणि नीट तुमचा निर्णय तपासते, एवढाच फरक आहे.

बोर्डाचा लेखी पेपर 70 गुणांचा, वेळ तीन तास. वस्तुनिष्ठ प्रश्न थोडे. बाकी व्याख्या, समीकरणे, सिद्धता, गणिते. पायऱ्यांना गुण असतात. उत्तर चुकले तरी सूत्र आणि मांडणी बरोबर असेल, तर काहीतरी पदरात पडते. प्रश्नांना पर्याय असतात, लॉग टेबलही वापरता येते.

नीटमध्ये यातले काहीच नाही. 2025 पासून पुन्हा 180 मिनिटांत 180 प्रश्न आहेत, सगळे सक्तीचे. त्यांतले 45 रसायनशास्त्राचे, म्हणजे 180 गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला वजा एक. लॉग टेबल नाही, आणि तुम्ही कुठवर बरोबर गेला होतात हे कोणी विचारत नाही.

एक उदाहरण घ्या. प्रथम कोटी अभिक्रियेवर बोर्ड सूत्राची सिद्धता विचारेल, आलेख काढायला लावेल, वर एक गणित देईल. नीट विचारेल : 90 टक्के अभिक्रिया पूर्ण व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या किती पट वेळ 99 टक्क्यांना लागेल? सूत्रात आकडे भरत बसलात तर वेळ जाईल. पहिल्या वेळी दहावा भाग उरतो, दुसऱ्या वेळी शंभरावा; लॉग एक आणि दोन, म्हणून दुप्पट. पण हे दहा सेकंदांत त्यालाच सुचते, ज्याने ती सिद्धता एकदा तरी स्वतःच्या हाताने, समजून लिहिली आहे. ॲल्डॉल संघननाचेही तसेच. बोर्डात समीकरण लिहायचे. नीटमध्ये चारपैकी कोणते संयुग ही अभिक्रिया देणार नाही ते ओळखायचे. अल्फा हायड्रोजन का लागतो हे कळले असेल, तर दोन्ही गुण तुमचेच.

अभ्यासक्रमातला फरक मात्र नीट पाहून घ्या. स्थायू अवस्था, बहुवारिके, हरित रसायनशास्त्र ही प्रकरणे राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात आहेत, नीटच्या सध्याच्या अभ्यासक्रमात नाहीत. उलट मोल संकल्पना, अणुरचना, रासायनिक बंध, हायड्रोकार्बन हे अकरावीचे धडे बोर्डाच्या पेपरात थेट येत नाहीत, पण नीटला लागतातच. अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

प्रॅक्टिकल बुडवून जर्नल उतरवून काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बोर्डात प्रॅक्टिकलला 30 गुण आहेत आणि नीटच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राचा स्वतंत्र घटक आहे. पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनात सौम्य सल्फ्युरिक आम्ल का, हायड्रोक्लोरिक का नाही? परमँगनेट क्लोराइडचे क्लोरीन करून टाकते आणि वाचन चुकते, म्हणून. प्रयोगशाळेत उभे राहून शिकलेले हे उत्तर सहसा विसरत नाही.

मग करायचे काय? प्रत्येक प्रकरण एकदाच, पण मुळापासून वाचा आणि त्यावर सराव दोन प्रकारचा करा. आधी एक मोठे उत्तर समीकरणे आणि एकके यांच्यासह कागदावर लिहा. मग घड्याळ लावून 45 मिनिटांत 45 प्रश्न सोडवा. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवा आणि चूक संकल्पनेची, आकडेमोडीची की घाईची, हे तिथेच लिहा. जानेवारीनंतर लेखनाला जास्त वेळ द्या. बोर्ड संपल्यावर मे महिन्यातल्या नीटपर्यंत साधारण दीड महिना मिळतो; तो अकरावीच्या उजळणीला आणि पूर्ण पेपरांना द्या.

पालकांना एक विनंती. बोर्डात नव्वदच्या पुढे असलेल्या मुलाला नीटच्या सराव चाचणीत निम्मेच गुण पडले, तर ‘तुझा अभ्यास खोटा होता’ असे म्हणू नका. त्याला लिहायचा सराव आहे, निवडायचा अजून नाही. आणि क्लासच्या चाचणीत पुढे असलेल्या मुलीला बोर्ड सोडून द्यायला सांगू नका. एमबीबीएसचा क्रम नीटच्या गुणांवर ठरतो हे खरे. पण बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, राखीव प्रवर्गांना 40 टक्के नसतील, तर नीटचा क्रमांक कितीही चांगला असो, प्रवेश मिळत नाही. म्हणून दोन्हींपैकी एकही पेपर वाऱ्यावर सोडू नका.