घरचा माणूस आणि घरचा कागद



दोन महिन्यांपूर्वी कोकणातल्या एका गावाहून एक खाला आमच्याकडे आल्या. पिशवीत मुलाचा पासपोर्ट, मेडिकलचा कागद आणि व्हिसाची झेरॉक्स. मुलगा नववीपर्यंत शिकलेला, एसी दुरुस्तीचे काम जाणणारा. सौदीत नोकरी ठरली होती, पुढच्या गुरुवारचे तिकीट होते. एजंटाला ऐंशी हजार रुपये रोख दिले होते.

"पावती?" आम्ही विचारले.

"पावती कशी मागणार? माझ्या जावेच्या भावाचा मुलगा तो. घरचाच माणूस. तुम्ही फक्त व्हिसावर काय लिहिलंय तेवढं सांगा."

व्हिसा व्हिजिटचा होता. त्यावर नोकरी करता येत नाही.

परदेशी जाण्याबाबतचे बहुतेक प्रश्न आमच्याकडे उशिरा येतात. पगार थकल्यावर, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतल्यावर, नाहीतर मुलगा पकडला गेल्यावर. तेव्हाही मदत मिळते, पण तिकिटाआधी विचारले तर निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत. म्हणून या वेळी आधी काय पाहायचे आणि कोणाला विचारायचे, तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट एजंटाची. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. परवान्याचा नंबर मागा आणि यादीत ताडून पाहा. "मी मुंबईच्या मोठ्या एजंटाचा माणूस" असे सांगणाऱ्या गावातल्या मध्यस्थाला कायद्यात जागा नाही. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टला सहसा 'ईसीआर' वर्ग असतो. अशा माणसाला सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन अशा देशांत कामाला जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. मुंबईत हे कार्यालय आहे. लोकांना ही मंजुरी कटकट वाटते, पण तिच्यासोबत कामाचा करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा उतरवला जातो. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवणारा एजंट नेमके हेच चुकवतो. मुलगा निघतो तेव्हा त्याच्या हाती तपासलेला करार नसतो, विमा नसतो, आणि तिथे पोहोचल्यावर कायद्याच्या नजरेत तोच गुन्हेगार ठरतो.

तिसरी गोष्ट व्हिसाच्या प्रकाराची. कुवेतला जाणाऱ्यांनी नंबर पाहावा. १८ नंबरचा व्हिसा खासगी कंपनीच्या नोकरीचा, २० नंबरचा घरकामाचा. दुकानातली नोकरी सांगून २० नंबर हातात दिला, तर तिथेच थांबा.

मुलगा आधीच तिथे असेल आणि अडकला असेल तर? पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाने तो अडवून ठेवणे सौदी आणि अमिरातीतही बेकायदा आहे. भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाकडे त्याने स्वतः जावे, आणि घरच्यांनी इकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. घरच्यांनी केलेली तक्रारही चालते. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. गरजू माणसाला निवारा, कायदेशीर मदत किंवा परतीचे तिकीट देण्यासाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो मागावा लागतो.

आता वकिलाच्या फीचा प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. फसवणूक मुलाची झाली तरी पैसे अनेकदा आईच्या दागिन्यांतून, बायकोच्या बचतीतून गेलेले असतात. अशा वेळी त्या बहिणीने जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. दावा दाखल करण्यापूर्वीच दोन्ही बाजूंना बोलावून लोकअदालतीत तडजोडही होऊ शकते. एजंटाविरुद्धची तक्रार पोलीस ठाण्यात आणि उत्प्रवासी संरक्षकाकडे, दोन्हीकडे करावी.

खालांच्या मुलाने गुरुवारचे विमान सोडले. एजंटाचे नाव यादीत नव्हते. आधी त्याने आवाज चढवला, मग खालांनी विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिल्याचे कळताच पन्नास हजार परत केले. तीस हजारांचे प्रकरण अजून चालू आहे. जावेने मात्र बोलणे टाकले. खालांना त्याचेच जास्त दुःख आहे. "पैशापेक्षा नातं गेलं," म्हणाल्या.

आम्हाला वाटते, नाते पावतीमुळे गेले नाही. पावती नव्हती म्हणून गेले. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद सूरह बकरामध्ये किती विस्ताराने आली आहे ते आपण सगळे जाणतो. तिथे नातेवाइकांना सूट दिलेली नाही. घरचा माणूस असेल तर त्याला कागद द्यायला संकोच वाटू नये, आणि आपल्याला मागायलाही.

मुलगा सध्या गावातच एसीची कामे करतो आणि दहावीचा फॉर्म भरतो आहे. इन्शाअल्लाह, पुढच्या वेळी तो जाईल तेव्हा करार वाचून जाईल.

आपल्या घरात कोणाची जाण्याची तयारी चालू असेल, तर पैसे देण्याआधी वरचे तीन कागद एकदा पाहून घ्या.